पोच आणि प्रतीक्षा

गणेशोत्सवात मुंबईकर गावी येतात, तेव्हा म्हसळ्याच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा उरत नाही. माणगावहून श्रीवर्धन, दिवेआगरकडे निघालेल्या पर्यटकांची वाहनेही सुटीच्या दिवसांत येथूनच जातात. नेमक्या अशा गर्दीत गल्ल्यावरचे बिल अडकते, कॅमेऱ्याचे चित्र थिजते आणि ग्राहक मोबाइल हातात धरून पैसे पोहोचण्याची वाट पाहत उभा राहतो. दोष इंटरनेट पुरवणाऱ्याच्या माथी मारला जातो. कधी तो त्याचा असतोही. परंतु अनेकदा अडचण दुकानात येणाऱ्या तारेत नसून दुकानातील हवेत असते.

वायफायची हवा कोणाच्याही मालकीची नाही. केंद्र सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा परवानामुक्त केला, तोच मुळी सामायिक वापराच्या अटीवर. कोणी दुसऱ्याच्या कामात अडथळा आणू नये आणि आपल्याला अडथळा होतो म्हणून संरक्षणही मागू नये, असे त्याचे स्वरूप आहे. शेजारच्या राउटरला ‘बंद कर’ म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. मग एकाच वेळी बोलू पाहणारी शेकडो उपकरणे एकमेकांचे बोलणे बिघडवत का नाहीत?

या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे उत्तर हवाई बेटांवर मिळाले. समुद्राने विभागलेल्या बेटांवरील संगणक जोडण्यासाठी हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये ‘अलोहा’ हे बिनतारी जाळे सुरू केले. नियम साधा होता: मनात येईल तेव्हा संदेश पाठवावा, पोच आली नाही, तर थोडे थांबून पुन्हा पाठवावा. मात्र वर्दळ वाढली की संदेश एकमेकांवर आदळत. गणिताने असे दिसले की या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८ टक्के भाग उपयोगी पडतो. उरलेला रिकामा राहतो किंवा टकरींत वाया जातो.

१९९७ मध्ये ठरलेल्या वायफायच्या मानकाने यावर तोडगा म्हणून आधी ऐकण्याची शिस्त पाळली. बोलण्यापूर्वी प्रत्येक उपकरण वाहिनी शांत आहे का, हे पाहते. शांतता ठरावीक काळ टिकली, तरी ते लगेच बोलत नाही. अन्यथा वाट पाहणारे सगळे एकदमच बोलू लागतील. म्हणून प्रत्येक जण ० ते १५ मधला एक आकडा चिठ्ठी काढावी तसा मनाशी धरतो आणि उलटी मोजणी करतो. आजच्या उपकरणांत मोजणीचे एक पाऊल सेकंदाच्या नऊ दशलक्षांश भागाचे असते. मध्येच दुसरा बोलू लागला, तर मोजणी थांबते आणि पुढे उरलेल्या आकड्यापासून सुरू होते. त्यामुळे आधीची प्रतीक्षा फुकट जात नाही.

तरीही दोघांचे आकडे सारखे निघाले, तर टक्कर होतेच. स्वतः बोलत असताना उपकरणाला ती ऐकू येत नाही. माल रवाना झाला, पण पोच आली नाही, यावरूनच व्यापारी घोटाळा ओळखतो. वायफायही तसेच ओळखते. मग ते चिठ्ठ्यांची मर्यादा दुप्पट करते, ३१, ६३ अशी चढत १०२३ पर्यंत. गर्दी जितकी जास्त, तितकी माघार मोठी. पोच देणाऱ्याला मात्र सर्वांत कमी थांबावे लागते, म्हणून त्याच्या आधी कोणी मध्ये घुसू शकत नाही. संयम आणि अग्रक्रम यांचा हा हिशेब भाषासमितीच्या संस्कारात वाढलेल्या घरांना परका वाटू नये.

ही शिस्त कुठे अपुरी पडते, हेही जाणून घ्यावे. कोकणात जांभ्या दगडाच्या जाड भिंती लहरी अडवतात. मागच्या गोदामातील मोबाइल आणि पुढच्या गल्ल्यावरचा संगणक यांना मधला राउटर ऐकू येतो, पण एकमेकांचा आवाज पोहोचत नाही. दोघांनाही हवा शांत वाटते, दोघेही बोलतात आणि राउटरपाशी टक्कर होते. यासाठी मानकात परवानगी मागण्याची सोय आहे: उपकरण राउटरला विचारते, राउटर ‘इतका वेळ याचा’ असे सर्वांना ऐकवतो आणि बाकीचे तेवढा वेळ गप्प राहतात.

दुसरी गफलत वाहिनी निवडण्यात होते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्या १३ असल्या, तरी त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. एकमेकींपासून पूर्ण अलग राहणाऱ्या १, ६ आणि ११ या तीनच. शेजारी एकाच वाहिनीवर असले, तर परस्परांचे बोलणे ओळखून थांबतात. कोणी ३ किंवा ४ वर बसला, तर त्याचे बोलणे दोन्ही बाजूंना नुसता गोंगाट ठरते आणि रांगेची शिस्त मोडते.

जाळे मंदावले की अधिक ताकदीचा राउटर आणण्याकडे कल असतो. त्याचा आवाज दूर जातो खरा, पण ग्राहकाच्या मोबाइलचे क्षीण उत्तर तसेच राहते, आणि दूरवरच्या दुकानांनाही आता त्याच्यासाठी थांबावे लागते. उद्या त्यांनीही तेच केले, की सगळ्या पेठेची प्रतीक्षा वाढते. संदेश पुढे ढकलणारे रिपीटर त्याच वाहिनीवर असतील, तर तोच निरोप हवेत दोनदा उच्चारला जातो.

खरे उपाय स्वस्त आहेत. कॅमेरे, बिलाचा संगणक यांसारखी जागा न बदलणारी उपकरणे तारेने जोडावीत. नवे मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत. तेथे वाहिन्या अधिक आहेत आणि लहरी भिंतीपलीकडे कमी जातात, म्हणून शेजाऱ्यालाही त्रास कमी. उरलेल्यांसाठी रांगेतील दुकानांनी १, ६, ११ अशा वाहिन्या क्रमाने वाटून घ्याव्यात आणि वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. हा बदल राउटरच्या सेटिंगमध्ये दहा मिनिटांत होतो. त्यासाठी आधी शेजारच्या पेढीवर जाऊन बोलावे लागते, आणि ते काम कोणताही राउटर आपल्यासाठी करत नाही.