व्यसन सोडणारास वाटेवरचा आधार

दारू सुटणें निराळें आणि सुटलेली राहणें निराळें, हा भेद आपल्या खेड्यांतून अजून पुरतेपणीं ध्यानांत आलेला दिसत नाहीं. उपचारकेंद्रांत महिनाभर राहून मनुष्य घरीं परतला, कीं काम झालें असें सारे समजतात. आमच्या मतें खरें काम तेथून सुरू होतें. आणि तें पुष्कळ अंशीं बांधावर, बाजारांत व एस. टी. च्या थांब्यावर सहज भेटणाऱ्या माणसांच्या हातीं असतें.

महसूल खात्यांत कारकुनी करतांना फेरफाराच्या असंख्य नोंदी आमच्या नजरेखालून गेल्या. खरेदीखत झालें, बोजा चढला, एवढें त्यांत लिहिलेलें असतें. कारण लिहिण्यास रकाना नसतो. परंतु वडिलार्जित जमीन कोणत्या वाटेनें गेली, हें चावडीवर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असे. गेलेली जमीन सहसा परत येत नाहीं. मनुष्य मात्र परत येऊं शकतो.

सहज घडलेल्या भेटीचें एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. सन १९३५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे गृहस्थ धंद्याच्या कामासाठीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं आले होते. दारू सोडून त्यांस जेमतेम पांच महिने झाले होते. काम फसलें, मन खचलें, आणि हॉटेलांतील मद्यगृहाचा गलबला कानीं येऊं लागला. आंत न शिरतां त्यांनीं तेथील एका धर्मोपदेशकास टेलिफोन केला व आपल्यासारख्याच एखाद्या मद्यपीशीं बोलावयाचें आहे असें सांगितलें. त्यांतून डॉक्टर बॉब स्मिथ यांची गांठ पडली. डॉक्टरांनीं पंधरा मिनिटेंच देऊं केलीं होतीं. बोलणें कित्येक तास चाललें. पुढें एकदां डॉक्टरांचा पाय घसरला, तरी १० जून १९३५ नंतर १९५० मध्यें मृत्यु येईपर्यंत ते प्याले नाहींत. याच भेटींतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना निघाली. तिच्या सभा आज महाराष्ट्रांतहि भरतात. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ मध्यें पुण्यास सुरू केलेल्या मुक्तांगणांतहि व्यसनांतून बाहेर पडलेली माणसें इतरांस हात देतात.

आपल्याकडील एक गोष्ट आम्हीं बैलबाजारांत पाहिली. बैल विकून पैसे हातीं आलेला एक शेतकरी उभा होता. जुने सोबती त्याचा दंड धरून ओढीत होते. शेजारच्या गांवचा एक ओळखीचा मनुष्य जवळ येऊन इतकेंच म्हणाला, “चला दादा, आमची गाडी तुमच्याच वाटेनें जाते.” तो गाडींत बसला. उपदेशाचा एक शब्दहि निघाला नाहीं.

कोणी म्हणेल, ज्यास प्यावयाचेंच आहे त्यास वाटसरू काय अडविणार? आमचें उत्तर असें, कीं तलब लाटेसारखी येते व कांहीं वेळानें ओसरते. तेवढा वेळ सोबत मिळाली तरी तो दिवस निभावतो. मात्र रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडल्यास दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊन जिवावर बेतूं शकतें. तेथें डॉक्टरच पाहिजे. सोबत ही औषधाची जागा घेत नाहीं.

तेव्हां वाचकांस आमच्या तीन सूचना आहेत. पोळ्यास, सुगीस किंवा उंसाचें बिल हातीं आल्या दिवशीं कोणास पिण्याचा आग्रह करूं नये, व मजुरांस कामाबद्दल दारू पाजूं नये. ज्यानें सोडली त्यास “किती दिवस टिकतोस बघूं” असें हिणवूं नये. आणि पाण्याच्या पाळीची बैठक असो कीं सोसायटीची सभा, त्यास पूर्वींप्रमाणें बोलावून विचारावें. थकबाकी फिटल्यावर जुनी नोटीस कोणी पुन्हा बजावीत नाहीं. मग माणसाचीच जुनी बाकी आपण जन्मभर कां मागावी?

यास पैसा लागत नाहीं, ठराव लागत नाहीं. येत्या बाजारच्या दिवशीं असा कोणी वाटेंत भेटला, तर त्यास नांवानें हाक मारून दोन पावलें बरोबर चालावें, एवढीच आमची विनंती आहे.