कमरेला पिस्तूल, चेंबरमध्ये गोळी : हे संरक्षण नाही, जोखीम आहे

कर्जत-खालापूर भागात जमिनीचे भाव वाढले, फार्महाऊस उभी राहिली आणि त्याबरोबर कमरेला पिस्तूल लावणारेही दिसू लागले. परवाना घ्यावा की नाही, हा माझा विषय नाही. पण "गोळी चेंबरमध्ये भरूनच ठेवायची, वेळेला उपयोगी पडते," असे कोणी म्हणाले की डॉक्टर म्हणून मला बोलावेच लागते. माझे मत स्पष्ट आहे : सामान्य माणसाने गोळी चेंबरमध्ये ठेवून फिरू नये.

आधी यंत्र समजून घ्या. पिस्तुलात काडतुसे मॅगझीनमध्ये असतात. स्लाइड मागे ओढून सोडली की एक काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये जाते. त्यानंतर मॅगझीन काढून घेतले तरी ते काडतूस आतच राहते. "मॅगझीन काढले होते, मग गोळी सुटली कशी?" याचे उत्तर हेच. रिव्हॉल्व्हरची तऱ्हा वेगळी. त्यात फिरत्या चक्रातच काडतुसे असतात. जुन्या बनावटीत घोड्याखाली काडतूस असेल, तर रिव्हॉल्व्हर नुसते पडूनही बार उडू शकतो. म्हणून जुने जाणकार घोड्याखालचे घर रिकामे ठेवत.

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवा. अभिनेता गोविंदा मुंबईत जुहूच्या घरी कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटले आणि गोळी त्याच्याच डाव्या पायात घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. ना चोर, ना वैरी. मुंबईत, रुग्णालयाजवळ असल्याने निभावले.

आता तुमच्या कमरेचा विचार करा. नेफ्यात पुढे खोचलेल्या पिस्तुलाची नळी जांघेकडे रोखलेली असते. तिथे मांडीची मुख्य धमनी आहे. ती पूर्ण फाटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते साधारण पाच लिटर. त्यातले दोन लिटर गेले की जीव धोक्यात येतो. जीव वाचला तरी पायाचा रक्तपुरवठा साधारण सहा तासांत सुरू झाला नाही, तर पाय गमावण्याची भीती असते. रक्तवाहिनी जोडण्यासाठी इथून बहुधा पनवेल-नवी मुंबई गाठावी लागते. शनिवार-रविवारी त्या रस्त्याला गाड्यांची किती गर्दी असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

"पण हल्ला झाला तर स्लाइड ओढायला वेळ कुठे?" हा मुद्दा खोटा नाही. एक-दोन सेकंद जातात, आणि एक हात अडकला असेल तर जास्तच. पण ते सेकंद वाचवण्याचा फायदा सतत सराव करणाऱ्याला होतो. परवान्यावर मिळणाऱ्या मोजक्या काडतुसांत तुमचा सराव किती होतो? १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा सोबत पोलिस अंगरक्षक होता. तरी ते वाचले नाहीत. दबा धरून आलेला माणूस तुम्हाला वेळच देत नाही. उलट शर्टाचे टोक, नाडी किंवा किल्ली चापात अडकण्याची संधी रोज येते : गाडीत बसताना, शौचालयात, हळदीत नाचताना.

"सेफ्टी लॉक असतो ना!" असतो, पण तो लावायचे लक्षात राहिले तर. बहुतेक रिव्हॉल्व्हरला तो नसतोच. आणि घरातल्या चार वर्षांच्या नातवाला सेफ्टी म्हणजे काय ते माहीत नसते.

तिसरी गोष्ट रागाची. २२ एप्रिल २००६ रोजी प्रमोद महाजन यांच्यावर वरळीच्या घरात गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, परवान्याच्याच पिस्तुलातून. चेंबर रिकामे असले म्हणजे राग थांबतोच असे नाही. पण राग आणि कृती यांच्यात एक पायरी वाढते. दारू प्यायलेल्या किंवा खचलेल्या माणसासाठी तीच पायरी जीव वाचवू शकते. घरात कोणी निराश असेल, तर शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन करा.

तेव्हा शस्त्र बाळगायचेच असेल, तर चेंबर रिकामे, चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर, घरी कुलूपबंद कपाट आणि काडतुसे वेगळी. पिस्तूल ठेवताना आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी पाहा. दारूच्या कार्यक्रमाला शस्त्र नेऊच नका.

तरीही गोळी लागलीच, तर १०८ ला फोन करा. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, सगळे वजन टाकून दाबा. सारखे उचलून पाहू नका. गोळी काढायला जाऊ नका, पाणी पाजू नका. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. रुग्णालय पोलिसांना कळवेल, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

हल्लेखोर येईल की नाही, कोणालाच माहीत नाही. पण भरलेली नळी दिवसभर तुमच्याच मांडीकडे रोखलेली असते, हे नक्की.