लाल मातीचं खूळ

सिडकोतल्या आमच्या गल्लीला यंदा लाल मातीचं खूळ लागलं आहे. रविवारी समोर टेम्पोभर गोण्या उतरल्या. अंगणातली काळी माती उपसून टाकणार म्हणे. ती बागेला चालत नाही. या विषयावर माझं डोकं आधीच तापलेलं असतं, हे जुने वाचक जाणतात.

थोडक्यात सांगतो. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन ही माती झाली. ओलीने फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढी भेगाळते. चुन्यामुळे मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही, मग जास्वंदाची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. निचऱ्यासाठी गादीवाफा, पोटाला भरपूर शेणखत आणि पालापाचोळा, एवढं केलं की गुलाबापासून वांग्यापर्यंत सगळं येतं.

पण व्हिडिओवाले सांगतात, वाळू घाला. घमेलंभर वाळूने काय होतं? वाळल्यावर पहार लागते.

समोरच्यांचे वडील गंगापूरकडचे, जन्मभर कपाशी काढलेले. पोरगा भर चिखलात फावडं घेऊन उतरला, तसे ते ओट्यावरून ओरडले, "अरे, वाफसा तर येऊ दे!"

"बाबा, सुट्टी आजच आहे."

"वाफशाला रविवार कळत असतो का?"

पोरगा ऐकतो कुठला! आता अंगणभर ढेकळं पडली आहेत, आणि त्यांना लपवायला लाल माती.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. रब्बीची ज्वारी नुसत्या मुरलेल्या ओलीवर काढून देणारी माती आपण फेकतो, आणि दुसऱ्याच दिवशी कोरडी होणारी विकत आणतो. तीही कुठे? जिथे नळ कधी येईल हे विचारलं तर माणसं कॅलेंडरकडे बघतात, अशा शहरात! सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगराकडचं पाणी नहरीने जमिनीखालून इथवर आणलं होतं, तेही विजेवाचून. आज उशाला जायकवाडी आहे आणि दारात टँकर.

नळ येतो तोही रात्री अडीचला. आला रे आला की गल्लीभर मोटारी घरघरतात आणि ज्यांची नाही त्यांच्या तोटीतून हवा येते. थेट नळाला मोटार लावणाऱ्यांवर एक अख्खं सदर लिहायचं आहे. नावं मात्र घालणार नाही. पुढच्या पाळीला एखादी बादली त्यांच्याकडेच मागावी लागेल.