सांगाव्याचं वतन

लंडनमध्ये एक कोर्स आहे. ग्लोबल मीडिया अँड कम्युनिकेशन्स. पहिलं वर्ष लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, दुसरं लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात. दोन वर्षांत दोन पदव्या. एक टेम्सकाठची, दुसरी हॉलिवूडच्या शेजारची. जगात बातमी कोण बनवतो, कोण विकतो, कुणाच्या गळी उतरवतो, याचा हा अभ्यास. असल्या कोर्सच्या पाट्या आता बऱ्याच विलायती विद्यापीठांवर लागल्यात. मुंबई-पुण्याची इंग्रजी शाळेतली पोरं बापाच्या पैशावर तिकडं जातात, परत येऊन चॅनेलच्या नाहीतर जाहिरात कंपनीच्या काचेच्या केबिनात बसतात आणि देशाचा आवाज काय आहे ते तुम्हांआम्हांला ऐकवतात.

मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. या विषयावर बोलायचा तुला अधिकार काय, असं कुणीतरी विचारणारच. तर अधिकार सांगतो. आमच्या आज्यापणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कम्युनिकेशनचंच काम केलंय. बिनपगारी.

गावचा येसकर कोण? महार. कुणाच्या घरी मर्तिक झालं की दहा कोसांवरच्या सोयऱ्याला वर्दी द्यायला कोण पळायचं? महार. सरकारी सारा तालुक्याला पोचवायला, दौऱ्यावरच्या साहेबाच्या घोड्यापुढं धावायला, पाटलाचा निरोप या वेशीवरून त्या वेशीवर न्यायला कोण? महार. रात्र असो, पाऊस असो, ओढ्याला पूर असो. मोबदला काय, तर शिळा भाकरतुकडा. आणि सांगावा लिहायचं काम कुलकर्ण्याचं. महारानं तो नुसता वाहायचा. वाचायचा नाही, बदलायचा नाही, त्यात स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. अख्ख्या गावाचा आवाज ज्याच्या पायांवर चालायचा, त्याला स्वतःचा आवाज नव्हता. बाबासाहेब या महारवतनाविरुद्ध हयातभर लढले. कायद्यानं ते गेलं 1958 साली, ते गेल्यानंतर.

कागदावरचं वतन गेलं, पण सांगाव्याचं वतन गेलं नाही. लिहिणारे तेच राहिले, वाहणारे तेच राहिले. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आता पुराव्यानं मांडतो.

विलायती वर्गात हा विषय शिकवतात त्याची सुरुवात तार आणि एजन्सीपासून होते. रॉयटरनं मुंबईत ऑफिस उघडलं 1866 साली. समुद्राखालची तार एडनहून मुंबईला येऊन लागली 1870 साली. त्याच वर्षी लंडनची रॉयटर, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वुल्फ या तीन एजन्सींनी करार करून जगाची बातमी वाटून घेतली. हा मुलूख तुझा, तो माझा. आमच्या वाट्याला रॉयटर आली, कारण आमच्यावर राज्य इंग्रजाचं. गावात वतनं वाटावीत तशी जगाची वाटणी. आफ्रिकेतला दुष्काळ, आशियातलं बंड, सगळ्याचा सांगावा लिहिणार तीन गावचे तीन कुलकर्णी.

पुढं गुलाम देश सुटले आणि त्यांनी विचारलं, आमची बातमी तुम्ही का लिहिता? या भांडणातून युनेस्कोनं आयर्लंडच्या शॉन मॅकब्राइडच्या हाताखाली आयोग नेमला. 1980 साली त्याचा अहवाल आला. त्याचं म्हणणं असं, की बातमी श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकाच दिशेनं वाहते आणि ही वाटणी मोडली पाहिजे. अमेरिकेला ते झोंबलं. 1984 च्या अखेरीस ती युनेस्को सोडून गेली, पुढच्या वर्षी इंग्लंड गेलं. ज्यांच्या तोंडी उठता-बसता विचारस्वातंत्र्य, त्यांना दुसऱ्याचा विचार ऐकायची वेळ आली तशी ते पाट झटकून उठले.

इथवर सगळं ठीक. हा अहवाल आमचाही आहे. पण आता दिल्लीकडं बघा.

या लढाईत दिल्ली पुढं होती. जुलै 1976 मध्ये दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली. विषय: गरीब देशांच्या बातमीवरची गोऱ्यांची मालकी मोडायची. उद्घाटनाला पंतप्रधान इंदिरा गांधी. आणि त्याच दिवसांत देशात आणीबाणी, पेपरांवर सेन्सॉर, संपादक तुरुंगात! लंडनला विचारत होते, आमचं तोंड तू का दाबतोस? स्वतःच्या हाताखाली कुणाचं तोंड आहे ते बघायला सवड नव्हती.

सेन्सॉर 1977 ला उठला. पण एक सेन्सॉर त्याच्या आधीही होता आणि नंतरही राहिला. त्याला हुकूम लागत नाही, ऑफिसर लागत नाही. आडनाव पुरतं. 1996 साली बी. एन. उनियाल नावाच्या पत्रकारानं दिल्लीतल्या सरकारमान्य पत्रकारांची यादी चाळली, फोन फिरवले. त्याला एकसुद्धा दलित सापडला नाही. 2006 साली दिल्लीतल्या 37 माध्यमसंस्थांमधल्या 315 निर्णय घेणाऱ्या पदांची पाहणी झाली. त्यात एकही दलित नाही, एकही आदिवासी नाही. 2019 साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा मोजलं. न्यूजरूमच्या 121 वरच्या खुर्च्यांपैकी 106 वर सवर्ण. दलित-आदिवासी? शून्य. तेवीस वर्षांत सरकारं बदलली, टीव्हीचा डबा भिंतीवरचा कागद झाला, मोबाइल आला, आणि हा शून्य जागचा हलला नाही. ज्या देशानं शून्याचा शोध लावला म्हणून छाती फुगवतात, त्या देशात शून्य कुणाच्या वाट्याला आला ते बघून ठेवा.

हल्ली पुरोगामी लोक सत्तेचं लांगूलचालन करणाऱ्या चॅनेलांना 'गोदी मीडिया' म्हणतात. हिंदीत गोद म्हणजे मांडी, म्हणून मांडीवर बसलेला मीडिया. आम्हां गोदीवाल्यांना या नावाचा राग येतो. गोदीत माणूस घाम गाळतो, कुणाच्या मांडीवर बसत नाही. आणि खरं विचाराल तर मांडीवर बसलेला आणि मांडीवरून उतरलेला, दोघांच्याही ऑफिसात आमची खुर्ची कुठाय? आधी ते सांगा.

खुर्ची नसली की काय होतं? 11 जुलै 1997. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले. राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, 10 माणसं मेली. मग गॅसच्या टँकरची फिल्म पुढं आली. जमाव टँकर पेटवायला निघाला होता, म्हणून गोळीबार! घराघरांत टँकर दिसला, मढी दिसली नाहीत. पुढं गुंडेवार आयोगानं तो गोळीबार असमर्थनीय ठरवला, टँकरची गोष्ट मानली नाही. पण आयोगाचा अहवाल कोण वाचतो? फिल्म सगळ्यांनी बघितली. ज्यांना कम्युनिकेशन शिकायचंय त्यांनी लॉस एंजेलिसला जाण्याआधी घाटकोपरला उतरावं. चित्र खरं असून सांगावा खोटा कसा असतो, ते तिथली म्हातारी पाच मिनिटांत शिकवील.

बरं, आमच्यावर प्रेम करणारे तरी काय करतात? बुंदेलखंडात 2002 पासून 'खबर लहरिया' चालतं. खेड्यातल्या बाया, त्यात कितीतरी दलित, स्वतः बातमी काढतात, लिहितात, आता मोबाइलवर शूट करतात. त्यांच्यावर 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट निघाला. 2022 ला ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. जगानं टाळ्या वाजवल्या. आणि ऐन ऑस्करच्या तोंडावर 'खबर लहरिया'लाच निवेदन काढावं लागलं: फिल्म जोरदार आहे, पण आमचं जे चित्र दाखवलंय ते पुरतं खरं नाही. रोज दुसऱ्यांची बातमी करणाऱ्या बाया, पण त्यांचीच बातमी झाली तेव्हा कात्री दुसऱ्याच्या हातात. टाळी मिळाली तरी वतन तेच.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या कोर्सला आपली पोरं कशी जाणार? फी लाखांत, लंडनचं घरभाडं लाखांत. वाट एकच, सरकारी शिष्यवृत्ती. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप 1954-55 पासून आहे. जागा किती? एवढ्या मोठ्या देशात 125. एका लोकलच्या एका डब्यात याहून जास्त माणसं लोंबकळत असतात. 2025 च्या जुलैत 106 पोरं निवडली, पत्रं दिली 40 जणांना, उरलेल्या 66 जणांना सांगितलं की निधी असला तर बघू. बोट धक्क्याला लागलेली, शिडी टाकलेली, आणि अर्ध्या शिडीवर माणसाला थांबवून म्हणायचं, थांब, पैसे आहेत का बघतो!

पण याहून मोठी हलकटगिरी 2022 ची. त्या फेब्रुवारीत सामाजिक न्याय मंत्रालयानं नियमावलीत कलम घातलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांना परदेशात ही शिष्यवृत्ती नाही. कारण काय, तर हे विषय इथंच शिकता येतात.

नीट वाचा, दोस्तांनो. मूठभर जागा, त्याही दलित, भटके, भूमिहीन मजुरांच्या पोरांसाठी. आणि त्यांनाच सांगायचं की जग शिका, पण जात शिकू नका. रॉयटरचं वतन अभ्यासा, कुलकर्ण्याचं नको. हॉलिवूडमध्ये काळ्या माणसाला कसं दाखवतात त्यावर प्रबंध लिही, मराठी पेपरात तुझ्या आईला कसं छापतात त्यावर नको. बापाच्या पैशानं गेलेल्या पोराला हे कलम लागू नाही. तो लंडनला बसून आमच्यावर खुशाल पीएचडी करू शकतो. आम्ही त्याचा विषय होऊ शकतो. आम्हांला विषय निवडता येत नाही. हेच ते वतन, फक्त आता त्याला सरकारी शिक्का आहे.

9 मे 1916. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी तिथल्या चर्चासत्रात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेलेला पोरगा परक्या मुलखात उभा राहून सांगतो की जात कशी बनते. 2022 चं कलम तेव्हा असतं तर? म्हणजे एका संस्थानिकानं जे होऊ दिलं, ते बाबासाहेबांच्या संविधानावर शपथ घेणाऱ्यांना सोसत नाही. कारण त्यांना ठाऊक आहे, घरात बसून जातीवर बोललं तर दाबता येतं, जगाच्या चव्हाट्यावर बोललं तर उत्तर द्यावं लागतं.

आता आपल्याच काही दोस्तांशी बोलायचंय. ते म्हणतात, विलायती पदव्या हे पांढरपेशांचे चोचले, पोरं तिकडं गेली की बाटतात, चळवळ विसरतात. त्यांनी 1920 साल आठवावं. 31 जानेवारीला 'मूकनायक' निघाला. 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. आणि त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला बोटीनं लंडनला गेले. शाळा कोणती? तीच, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. पेपर आणि पदवी एकाच वर्षात, एकाच माणसाच्या दोन हातांत. जाणं म्हणजे बाटणं असतं तर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' कुणी काढले?

आणि जे जातील त्यांना एवढंच सांगणं: तिकडल्या परिषदेत आमचं दुःख इंग्रजीत विकून खाऊ नका. मॅकब्राइड वाचा, तारा वाचा, पैसा कुठून कुठं जातो ते वाचा, आणि वस्तीतल्या पोरीला कळेल अशा मराठीत इथं लिहा. आम्ही छापू. खिळे नाहीत, मशीन नाही, पण छापू.

सरकारला विनंती नाही, मागणी आहे. ते कलम पुन्हा कुठल्याही नियमावलीत दिसता कामा नये. निवडलेल्या प्रत्येक पोराचे पैसे निवडीच्या दिवशी तयार पाहिजेत. आणि प्रत्येक मराठी पेपरनं, प्रत्येक चॅनेलनं आपल्या संपादक खात्यात कोणत्या जातीची किती माणसं आहेत ते जाहीर करावं. रोज दुसऱ्याच्या मुसक्या बांधून प्रश्न विचारता ना? एकदा स्वतः उत्तर द्या.

मर्तिकाची वर्दी देणं हे येसकराचं काम. आज शेवटची देतोय: सांगाव्याचं वतन मेलं म्हणून समजा. ही वर्दी कुणा कुलकर्ण्यानं लिहून दिलेली नाही. लिहिलीय आम्ही, आणि पोचवणारही आम्हीच.

जयभीम!