विश्लेषण : ७०० हॉर्सपॉवरची मस्टँग, तरी गिऱ्हाईक मिळेना! मॉडिफाय केलेल्या गाडीला भाव का येत नाही?

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या कुठल्याही ऑनलाइन बाजारात चक्कर मारली, की एका साच्याची जाहिरात हमखास दिसते. फोर्ड मस्टँग जीटी, कन्व्हर्टिबल म्हणजे छप्पर उघडणारी, सुपरचार्जर बसवलेला, एक्झॉस्ट बदललेला, सस्पेन्शन खाली घेतलेले. आणि शेवटी एक ओळ : ‘सगळ्या खर्चाच्या पावत्या आहेत.’ किंमत उतरत जाते, जाहिरात मात्र तिथेच राहते. गाडीवर ओतलेले पैसे विकताना परत का मिळत नाहीत? आणि थारला मोठी चाके किंवा बुलेटला वेगळा सायलेन्सर बसवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी यातून काय घ्यावे?

मसल कार म्हणजे नेमके काय?

मध्यम आकाराची, तुलनेने परवडणारी गाडी आणि तिच्यात मोठे व्ही-८ इंजिन, हे मसल कारचे मूळ सूत्र. १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून हा प्रकार रुजला असे बहुतेक जाणकार मानतात. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग आली. काटेकोर बोलायचे तर मस्टँग ही ‘पोनी कार’, म्हणजे त्याहून थोडी लहान. पण आज सर्रास तिलाही मसल कारच म्हणतात. छप्पर उघडणारी मस्टँग पहिल्या दिवसापासून विक्रीत होती.

२०२३च्या अखेरीस शेव्हरोले कॅमेरो आणि व्ही-८ इंजिनाची डॉज चॅलेंजर या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले. त्यामुळे व्ही-८ इंजिन आणि उघडणारे छप्पर असे दोन्ही हवे असेल, तर या प्रकारात मस्टँगला आता फारशी स्पर्धा उरलेली नाही. ‘मग माझ्या जुन्या गाडीला सोन्याचा भाव येणार’ असे मालकांना वाटते, ते यामुळेच. मात्र ती गाडी कंपनीतून आली तशी राहिलेली नसेल, तर हिशेब बदलतो.

‘मॉडिफाय’ करताना काय बदलतात?

उदाहरणादाखल २०१५ची मस्टँग जीटी घेऊ. तिचे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन कंपनीतून ४३५ हॉर्सपॉवरचे येते. त्यावर सुपरचार्जर बसवला, की इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा कॉम्प्रेसर सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. साडेसहाशे ते सातशे हॉर्सपॉवरचा आकडा यातूनच येतो.

खरी मेख पुढे आहे. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो मुळातच ११:१ आहे. त्यात वरून दाबाने हवा भरली, तर मिश्रण वेळेआधी पेटण्याचा, म्हणजे ‘नॉकिंग’चा धोका वाढतो. तो टाळायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅमिंग बदलावे लागते. त्याला ‘ट्यून’ म्हणतात. ट्यून चांगला असेल तर इंजिन वर्षानुवर्षे चालते. वाईट असेल तर एका उन्हाळ्यात पिस्टन जातो. आणि बॉनेट उघडून पाहणाऱ्याला या दोन गाड्यांत काहीही फरक दिसत नाही.

खर्च वसूल का होत नाही?

एक कल्पित हिशेब मांडू. हे बाजारभाव नव्हेत, केवळ समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत. समजा, एखाद्याने ४० हजार डॉलरला गाडी घेतली. सुपरचार्जर, एक्झॉस्ट, सस्पेन्शन, क्लच, चाके आणि मजुरी धरून आणखी २० हजार घातले. काही वर्षांनी तशीच, पण काहीही न बदललेली गाडी बाजारात २४ हजारांना जाते. मालकाच्या डोक्यातला हिशेब असतो २४ अधिक २०, म्हणजे ४४ हजार. घेणाऱ्याच्या डोक्यात मात्र अधिकचे चिन्हच नसते.

घेणारा विचार करतो तो असा. एवढी ताकद बसवली ती वापरण्यासाठीच. म्हणजे गाडी पिळली गेली असणार. क्लच, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल यांच्यावर मूळ आराखड्यापेक्षा जास्त ताण आला असणार. काम कुशल मेकॅनिकने केले की मालकाने घरच्या गॅरेजमध्ये, हे कळायला मार्ग नाही. ही सगळी जोखीम तो किमतीतून वजा करतो.

शिवाय आवडनिवड आहेच. दहा जणांना मस्टँग हवी असेल, तर त्यांतल्या किती जणांना नेमका हाच एक्झॉस्ट आणि हीच चाके हवी असतील? प्रत्येक बदलागणिक गिऱ्हाईक कमी होत जाते.

छप्पर उघडणारी असल्याने अडचण वाढते का?

होय, आणि त्यामागे साधे अभियांत्रिकी आहे. बंद गाडीचे छप्पर हा तिच्या सांगाड्याचा भाग असतो. झाकण लावलेला बुटांचा खोका पिळायला कठीण जातो, झाकण काढले की तो सहज पिळला जातो. कन्व्हर्टिबलचे तसेच होते. ही कसर भरून काढण्यासाठी कंपनी खालून जास्तीचे मजबुतीकरण करते आणि त्याने वजन वाढते. अशा गाडीत ताकद दीडपटीहून जास्त केली, की आधी न जाणवणारी पिळवटही जाणवू लागते. दरवाज्यांच्या फटींतून येणारे आवाज, काचेच्या रबरांतून गळणारे पाणी, ही तपासण्यासारखी ठिकाणे.

बाजाराच्या दृष्टीने अडचण वेगळीच आहे. उघड्या छपराची गाडी घेणाऱ्याला संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावरून निवांत चक्कर मारायची असते. सातशे हॉर्सपॉवर हवे असणाऱ्याला ड्रॅग शर्यतीच्या पट्ट्यावर जायचे असते, आणि तो हलकी, ताठ, बंद छपराची गाडी शोधतो. ड्रॅग शर्यतींच्या नियमांतही कन्व्हर्टिबलला रोल बारची अट बंद गाडीपेक्षा लवकर लागू होते. म्हणजे पहिल्याला ही गाडी फार कर्कश आणि दुसऱ्याला फार जड. दोन्ही आवडी एकत्र असणारे गिऱ्हाईक असते, पण त्याची वाट पाहावी लागते.

मग लिलावात कोटींना जाणाऱ्या मसल कार कोणत्या?

बहुतांशी मूळ रूपातल्या, किंवा ज्यांच्यातले बदल कोणी केले याची पक्की नोंद आहे अशा. २०१४मध्ये सिएटल येथे मेकम कंपनीच्या लिलावात १९७१ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. त्या वर्षी या इंजिनाच्या कन्व्हर्टिबल अगदी मोजक्या बनल्या होत्या. अशा गाड्यांत इंजिनावरचा क्रमांक गाडीच्या नोंदीशी जुळतो का, हे आधी पाहिले जाते. कोणी हौसेने ते इंजिन काढून नवे, जास्त ताकदीचे बसवले असते, तर गाडी वेगवान झाली असती आणि किंमत कोसळली असती.

कॅरोल शेल्बी यांनी १९६५पासून मस्टँगवर काम करून विकलेल्या जीटी३५० गाड्याही एका अर्थाने मॉडिफाय केलेल्याच होत्या. पण त्यांना स्वतंत्र अनुक्रमांक होते, नोंद होती, नाव होते. आजही नावाजलेल्या कार्यशाळेत बनलेल्या ‘रेस्टोमॉड’ गाड्यांना चांगला भाव येतो. बदल नेमके कोणते, कोणी केले आणि कागदावर काय आहे, हे घेणाऱ्याला तिथे कळते.

कायदा कुठे आडवा येतो?

अमेरिकेच्या ‘क्लीन एअर अॅक्ट’नुसार गाडीतील प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकलेली गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी राहत नाही. कॅलिफोर्नियात नियम अधिक कडक आहेत. तिथे प्रदूषण तपासणीचे वैध प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. बसवलेल्या सुपरचार्जरला त्या राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो. २०२१पासून तपासणीत इंजिनाच्या कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअर बदलले आहे का, हेही पाहिले जाते. म्हणजे दुसऱ्या राज्यात चालणारी गाडी कॅलिफोर्नियातल्या गिऱ्हाइकाच्या नावावर होताना अडकू शकते.

खासगी विक्री तिथे बहुधा ‘आहे तशी’ तत्त्वावर होते. पण त्याचा अर्थ काहीही खपवता येते असा नाही. माहीत असलेली गोष्ट खोटी सांगितली, तर ती फसवणूकच ठरते. ओडोमीटरचे रीडिंग लेखी देण्याची सक्तीही केंद्रीय कायद्यात आहे.

विकायचीच असेल तर मार्ग कोणते?

पहिला मार्ग डीलरकडे देणे. सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत कमी पैशांचा, कारण डीलर मूळ गाडीचा भाव धरतो आणि बदलांसाठी काहीतरी कापतो.

दुसरा मार्ग गाडी पुन्हा मूळ रूपात आणणे. सुपरचार्जर, चाके, एक्झॉस्ट काढून वेगळे विकायचे आणि गाडी वेगळी. अनेकदा दोन्हींची बेरीज जास्त भरते. पण त्यासाठी काढलेले मूळ सुटे भाग जपून ठेवलेले हवेत. ते भंगारात गेले असतील, तर हा मार्ग बंद.

तिसरा मार्ग हौशी मंडळींच्या ऑनलाइन लिलावांचा. तिथे नेमके गिऱ्हाईक भेटण्याची शक्यता जास्त, पण प्रश्नही जास्त. ट्यून कोणी केला? डायनोवरचा अहवाल चाकांवर मोजलेल्या ताकदीचा की इंजिनाच्या? सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे आहे का? ही उत्तरे जाहिरातीतच देणारा मालक इतरांपेक्षा पुढे राहतो. दोषही आधीच सांगितलेले बरे, कारण गाडी पाहायला आलेल्या माणसाला तो दोष स्वतः सापडला, तर बाकी सगळ्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

हीच गाडी भारतात आणता येईल का?

अमेरिकेत नोकरीला असलेल्या मराठी तरुणांसाठी हा प्रश्न खरा आहे. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. घाईत विकणाऱ्याला बाजार कधीच दया दाखवत नाही, आणि मॉडिफाय केलेल्या गाडीला तर वेळच सर्वांत जास्त लागतो. गाडी इकडे आणण्याचा मार्गही अरुंद आहे. जुन्या गाड्यांच्या आयातीच्या सर्वसाधारण नियमांत गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, अशा अटी आहेत. अमेरिकी मस्टँगचे स्टिअरिंग डावीकडे असते. भारतात फोर्डने २०१६मध्ये मस्टँग अधिकृतपणे आणली, ती उजव्या स्टिअरिंगची आणि बंद छपराची होती.

आपल्याकडे नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील, असे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. सीएनजी किटसारख्या बदलांना परवानगी आहे, पण त्यांची नोंद आरसीवर व्हावी लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

म्हणजे अमेरिकेत जो मुद्दा बराचसा भावाचा आहे, तो आपल्याकडे थेट कागदांचा होतो. आरसीवर एक आणि गाडीत दुसरेच असेल, तर आरटीओत नाव बदलताना अडचण येऊ शकते आणि अपघातानंतर विमा कंपनीला आक्षेपाचे कारण मिळते.

विकणाऱ्यासाठी आणखी एक धोका आहे. पैसे घेतले, चावी दिली आणि नावावर करायचे काम एजंटवर सोडले, असे सर्रास होते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये स्पष्ट केले आहे, की आरसीवर ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो. भरपूर ताकद वाढवलेली गाडी अनोळखी माणसाच्या हाती देताना ही बाब अधिकच गंभीर होते. कॅलिफोर्नियात विक्रीनंतर पाच दिवसांत गाडी आता आपली नाही असे कळवावे लागते. आपल्याकडे राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर १४ दिवसांत कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलले आहे, हे परिवहन पोर्टलवर स्वतः तपासावे.

आणि अजून गाडीला हात लावलेला नसेल, तर एवढेच लक्षात ठेवावे : हौसेला मोल नाही हे खरे, पण त्या खर्चाला गुंतवणूक समजू नये. काढलेला मूळ सायलेन्सर, मूळ चाके, मूळ स्प्रिंग माळ्यावर जपून ठेवावेत. गाडी विकताना त्यांचेच पैसे होतील.