सालीचे दाम कोणाचे?



कपाशीच्या भावात सरकी धरतो, ज्वारीबरोबर कडबा विकतो. मग फळाची सालच फुकट का? पाचगणी-महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी. जॅम घट्ट व्हायला ते बाहेरून घालतात. ते निघते लिंबू-संत्र्याच्या सालीतून, सफरचंदाच्या चोथ्यातून.

माण-जतकडच्या बांधावरचा पेरू घ्या. गर काढल्यावर उरलेली साल, बियांचा गाभा शिजवून गाळा. त्या पाण्यात साखर-लिंबू घालून आटवले की जेली जमते.

तिला 'पौष्टिक' मात्र आम्ही म्हणणार नाही. निम्म्याहून जास्त साखरच; पोषण भाकरीतच. तासगावकडच्या फवारलेल्या द्राक्षांचा चोथा तर तपासल्याशिवाय पोरांच्या ताटात नको.

आमचे भांडण भावाचे. फळाचा सौदा करताना सालीचेही दाम मागा.