पोरींचेच मोबाईल का तपासता?

गेल्या महिन्यात सांगलीजवळच्या आमच्या वस्तीत ठराव झाला. पोरींचे मोबाईल तपासायचे. का? तर एकीच्या मोबाईलमध्ये घाण व्हिडिओ सापडला. ठराव करणारे आपलेच, निळा झेंडा खांद्यावर घेणारे. सूतगिरणीच्या रातपाळीत यातलेच चौघे चहाच्या सुट्टीत एका मोबाईलवर डोकी घालून काय बघतात, ते मला ठाऊक आहे. त्यांचा मोबाईल कोण तपासणार?

ती एक म्हणजे माझी बहीण. वय १९. कॉलेज बंद. साताऱ्याकडचं स्थळ बघणं चालू. मला तिनं एवढंच विचारलं, "दादा, हे असंच असतं का? बाई नको म्हणते तरी तो थांबत का नाही?" मी मान खाली घातली. कविता लिहितो म्हणे मी!

बघितलं की पोरी बिघडतात म्हणता. अभ्यास करणाऱ्यांना बघणं आणि वागणं यांत संबंध दिसतो. पण कशामुळं काय झालं, हे त्यातून ठरत नाही. मला दिसतं ते असं : पोरगा त्यातून जोर शिकतो, पोरगी सोसणं. कारण दुसरं सांगणारं कुणीच नाही. २००७ साली महाराष्ट्रात शाळेतलं लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावानं बंद पाडलं. मग मास्तर उरला कोण? तोच व्हिडिओ.

आणि संस्कृती कुणाची? आपल्या पोरी देवाला सोडल्या, गावानं त्यांचं अंग वापरलं, तेव्हा कुणाला अश्लील वाटलं नाही. त्याच गावाचं सोवळं आता आपण घरात आणायचं?

साताऱ्याच्या शाळेत १९०० साली बाबासाहेबांचं नाव घातलं, ते आपण दरसाल मिरवतो. १९३४ साल कुणी सांगत नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या कामजीवनावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. अश्लील म्हणून खटला भरला. वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. विषय लैंगिक आहे एवढ्यानं लिहिणं अश्लील होत नाही, लोक विचारतात तर उत्तर दिलं पाहिजे, हे त्यांनी कोर्टात मांडलं. हरले. कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक १९५३ पर्यंत, कर्वे जाईपर्यंत चाललं.

रविवारी विहारात पुन्हा बैठक आहे. बहिणीनं आपला प्रश्न वहीच्या कागदावर लिहून दिलाय, वाच म्हणालीय. मी वाचणार. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना बोलावलंय. तुम्ही येताना आपापले मोबाईल घेऊन या. लॉक काढून.